परवानगी तोंडी नाकारायची आणि सकाळी कार्यकर्ते उचलायचे, हे कायद्यात बसतं का?

टिळकवाडीकर

1 नोव्हेंबरचा, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन असो, नाहीतर कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावेळचा महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, बेळगावात दरवेळी वाद होतो तो घोषणांवर किंवा काळ्या झेंड्यांवर. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल. परवानगी नाकारल्याचा कागद कुठे आहे?

19 डिसेंबर 2022 ला व्हॅक्सिन डेपो मैदानावरचा महामेळावा पोलिसांनी होऊ दिला नाही. जमावबंदी लावली आणि समितीच्या लोकांना ताब्यात घेतलं. जमावबंदी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 144. 1 जुलै 2024 पासून ते तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 163 झालंय. नंबर बदलला, अटी त्याच राहिल्या: आदेश लेखी हवा, त्यात प्रत्यक्ष परिस्थिती काय आहे ते लिहिलेलं हवं, आणि तो दोन महिन्यांवर चालत नाही. राज्य सरकारने वाढवला तरी पुढे सहा महिनेच. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलंय की हे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि लोकांना रास्त मत मांडू न देण्यासाठी ते वापरता येत नाहीत.

तोंडी नकाराला आव्हान देणं अवघड जातं, पोलिसांना नेमकं तेच सोयीचं पडतं. लेखी नकार हातात असला तर 163 च्या पोटकलमांनुसार त्याच अधिकाऱ्याकडे आदेश रद्द करा म्हणून अर्ज करता येतो. त्याला लवकर सुनावणी द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लिहून द्यावी लागतात. नाहीतर सरळ कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका. कागदच नसला तर वकील धारवाडला जाऊन दाखवणार काय?

गणपत गल्ली

कागद मागा, त्याला कुणाची हरकत नाही. पण पोलिसांच्या जागी उभं राहूनही बघा की हो. 1 नोव्हेंबरला याच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, बाहेरगावाहून हजारो तरुण येतात, चन्नम्मा चौकात पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवशी आपली काळ्या दिनाची सायकल फेरी संभाजी उद्यानापासून निघून मराठा मंदिरापर्यंत जाते. दोन्ही गट एका चौकात समोरासमोर आले तर मध्ये केएसआरपीची (राज्य राखीव पोलिसांची) एक रांग किती वेळ टिकेल? एक दगड आला की पाच मिनिटांत लाठी, आणि मग दोन दिवस बाजार बंद.

डिसेंबर 2021 आठवा. बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, त्याचे पडसाद म्हणून इथे कित्तूरचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस झाली, आणि जमावबंदी लावावी लागली. नोव्हेंबर 2025 मधलं ऊसदराचं आंदोलन बघा. गुर्लापूरला शेतकरी शांतपणे बसून होते, आणि हत्तरगी टोलनाक्यावर दगडफेक झाली. आंदोलन शांत आहे हे संध्याकाळी कळतं, बंदोबस्त सकाळी लावावा लागतो. 1961 च्या बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की शांतताभंग होण्याआधी पाऊल उचलणं घटनेला धरून आहे. चाळीस-पन्नास जणांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवणं वाईट, की गल्लीत लाठीमार वाईट? मी पहिलं पत्करेन.

टिळकवाडीकर

पराते निकाल खरा आहे. पण त्याच निकालाने धोका तातडीचा हवा, असंही सांगितलंय. 'मागे कधीतरी गडबड झाली होती' हे कारण दरवर्षी चालत नाही.

खबरदारीच्या अटकेचं कलम नव्या संहितेत 170, पूर्वीचं 151. त्यात दोन गोष्टी एकत्र लागतात. त्या माणसाचा दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत आहे हे पोलिसांना माहीत असलं पाहिजे, आणि अटकेशिवाय तो टाळताच येत नाही असं दिसलं पाहिजे. सायकलवर काळं कापड लावून तोंड मिटून जाणं हा कुठला दखलपात्र गुन्हा? आणि 'अटकेशिवाय टाळता येत नाही' म्हणायच्या आधी वेळ बदलून बघायला हवी, मार्ग बदलून बघायला हवा, दोन मिरवणुकांमध्ये तीन तासांचं अंतर ठेवून बघायला हवं. एकाला मिरवणूक आणि दुसऱ्याला पोलीस व्हॅन, ही तोडगा काढायची पद्धत नव्हे.

आपल्याच उच्च न्यायालयाचा दाखला आहे. 18 डिसेंबर 2019 ला बंगळूरच्या पोलीस आयुक्तांनी 144 लावलं, आधी दिलेल्या परवानग्याही त्यात गेल्या. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने 13 फेब्रुवारी 2020 ला तो आदेश बेकायदा ठरवला. आयुक्तांनी उपायुक्तांच्या अहवालांवर विसंबून आदेश काढला, स्वतःचं समाधान कशावरून झालं ते आदेशात दिसत नाही, हा मुख्य दोष होता. 2014 पासून बेळगावलाही आयुक्तालय आहे, त्यामुळे हा निकाल इथे तंतोतंत लागतो. दुर्दैव एवढंच, की निकाल आला तोवर आंदोलनाचे दिवस उलटून गेले होते. म्हणून कागद आधी हवा म्हणतोय.

खानापूर रोड

परवानगीचं तुमचं चालू द्या. लाठी पडल्यानंतर काय करायचं याबद्दल फार थोड्यांना माहिती असते, आणि पुढची केस तिथेच ढासळते.

कायद्याचा क्रम असा आहे. त्याच संहितेच्या कलम 148 प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख, किंवा तो नसेल तर उपनिरीक्षकाच्या खाली नसलेला अधिकारी आधी 'पांगा' असा हुकूम देतो. जमाव पांगला नाही तरच बळ वापरायचं, आणि तेही पांगवण्यापुरतं. पळणाऱ्याच्या पाठीवर, खाली पडलेल्यावर, घरात घुसून मारणं यात कुठेच बसत नाही. 2016 च्या अनिता ठाकूर निकालात तर सुरुवात आंदोलकांनी केली होती हे मान्य करूनही, परिस्थिती आटोक्यात आल्यावर चालू राहिलेली मारहाण बेकायदा ठरवून भरपाई दिली गेली. म्हणून व्हिडिओ काढणाऱ्याने फक्त लाठ्या टिपू नयेत. हुकूम दिला का, कोणत्या भाषेत दिला, ध्वनिक्षेपकावर दिला का, आणि पांगायला किती वेळ दिला, हे चित्रीकरणात आलं पाहिजे. मधले तुकडे कापू नका, मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत कोर्टात तितकी टिकत नाही.

आता जखम. लाठीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेषा आणि मधली पट्टी फिकट. काठी जिथे टेकते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना सरकतं, म्हणून असं होतं. पडून लागलेल्या माराला ही खूण नसते. डोकं वाचवायला हात वर केला की मार कोपराखाली, करंगळीच्या बाजूच्या हाडावर बसतो, आणि तिथे फ्रॅक्चर होतं. पण वळ लालवरून निळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो. चार दिवसांनी गेलात तर डॉक्टर 'जुना मुका मार' एवढंच लिहिणार. त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला जा आणि एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या कामाची वैद्यकीय) नोंद करून घ्या. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, जागा, आणि 'पोलिसांच्या लाठीने मारल्याचं रुग्ण सांगतो' हे वाक्य, एवढं कागदावर आलं पाहिजे. खासगी दवाखान्यात मलमपट्टी करून घरी बसणं हा सगळ्यात मोठा घोळ. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, चेहऱ्यासकट एक आणि जवळून एक.

अटक झाली असेल तर कलम 53 प्रमाणे वैद्यकीय तपासणी करावीच लागते, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यावी लागते. ती मागा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण 18 महिने ठेवायचं, असं डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालात आहे. तरी लगेच लेखी अर्ज देऊन 'जपून ठेवा' म्हणायचं, कारण कॅमेरा बंद होता हे उत्तर नंतर ठरलेलं असतं.

निपाणीकर

आयोजकांची बाजूही तपासा. 'मोर्चा काढणार आहोत, परवानगी मिळावी' एवढ्या दोन ओळींच्या अर्जावर कुठलाही एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) सही करणार नाही. किती लोक येणार, सुरुवात कुठे, शेवट कुठे, वाटेतले चौक कोणते, किती वाजता संपणार, स्पीकर लावणार का (रात्री 10 ते सकाळी 6 चालत नाही), स्वयंसेवक किती, त्यांची ओळख काय, रुग्णवाहिकेला वाट कोण करून देणार, हे अर्जात नसेल तर नाकारायचं कारण आपणच हातात देतो. अर्ज दोन हजारांचा आणि माणसं दहा हजार, असं झालं की अटीभंगाचा गुन्हा आयोजकांवरच पडतो.

आणि लाठी फक्त मराठी माणसाच्या पाठीवर पडते हा समज सोडा. 10 डिसेंबर 2024 ला सुवर्णसौधाजवळ, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीजवळ, आरक्षण मागणाऱ्या पंचमसाली लिंगायत आंदोलकांवर लाठीमार झाला, ते सगळे कन्नड बोलणारे होते.

टिळकवाडीकर

मान्य, म्हणूनच तर सांगतोय. नियम पाळायला लावले तर ते पंचमसालींच्याही कामाला येतील, ऊसवाल्यांच्याही. 17 जानेवारी 1956 किंवा 1 जून 1986 चे गोळीबार आपण दरवर्षी आठवतो. त्यापासून काही शिकायचं तर बळ वापरायचे नियम सगळ्यांसाठी घट्ट करून घेतले पाहिजेत.

गणपत गल्ली

एक विसरता तुम्ही. कलम 172 नवीन आहे. पोलिसांची कायदेशीर सूचना ऐकणं आता बंधनकारक आहे. ऐकली नाही तर बाजूला नेता येतं, आणि किरकोळ प्रकरण असेल तर 24 तासांच्या आत सोडता येतं. शिवाय ऑक्टोबर 2020 च्या शाहीन बाग निकालात रस्ता अडवून बसण्याचा हक्क नाही हे स्पष्ट झालंय. फेरी गल्ल्यागल्ल्यांतून कशाला हवी? मराठा मंदिरात सभा घ्या, काळ्या फिती बांधा. निषेध नोंदवला जातो, दुकानंही चालू राहतात.

टिळकवाडीकर

शाहीन बाग निकाल बेमुदत ठिय्याबद्दल आहे, दोन तासांच्या फेरीबद्दल नाही. सार्वजनिक रस्त्यावर सभा-मिरवणुकीचा हक्क 1972 च्या हिंमतलाल शाह निकालात घटनापीठाने मान्य केलाय. पोलीस त्याचं नियमन करू शकतात, सरसकट बंदी घालू शकत नाहीत. आणि 172 मधला शब्द 'कायदेशीर' सूचना हा आहे. जी सूचना कागदावर नाही, जिला कारण नाही, ती कायदेशीर कशी ठरवणार? बंद सभागृहात निषेध करा म्हणायचं, तर राज्योत्सवही सभागृहात करा असं कुणी म्हणेल का? दोघांनाही रस्ता द्या, वेगवेगळ्या वेळी द्या.

शहापूर

भाषेचा मुद्दा राहिला. ठाण्यात कन्नडमध्ये लिहिलेल्या कागदावर सही घेतात आणि पोराला काय लिहिलंय ते कळत नाही. अटकेची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 च्या मिहीर शाह निकालात सांगितलंय. रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद हातात पडला पाहिजे. तेव्हा सही करताना खाली मराठीत लिहा: 'मजकूर कन्नडमध्ये आहे, मला समजावून सांगितलेला नाही.' आपला अर्जही मराठीत चालतो. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, हे घटनेचं कलम 350 आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडेही मराठीत तक्रार जाते, फी नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत करायची. पण राज्य आयोगात आधी तक्रार चालू असेल तर राष्ट्रीय आयोग हात घालत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकदम टाकू नका.

गणपत गल्ली

भाषेबाबत तुमच्याशी सहमत. फेरीबाबत नाही.

निपाणीकर

मग यंदा अर्ज कधी टाकायचा, ते सांगा.

टिळकवाडीकर

1 ऑक्टोबरच्या आत, पोलीस आयुक्त आणि डीसी (जिल्हाधिकारी) दोघांकडे. आवक क्रमांकासह पोच घ्यायची, शिवाय रजिस्टर पोस्टाने एक प्रत. अर्जात दोन पर्यायी मार्ग आणि दोन पर्यायी वेळा आपणच द्यायच्या, आणि नकार असेल तर 15 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवा अशी विनंती करायची. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, आणि 18-20 तारखेला रिट. त्याहून उशीर नको. दिवाळी बहुतेक वर्षी त्याच सुमाराला येते, 1 नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते, आणि धारवाड इथून सुमारे 80 किलोमीटर आहे. आदल्या संध्याकाळी नकार आला तर खंडपीठाचं दार बंद असतं.

खानापूर रोड

अर्जाच्या पोचेची झेरॉक्स प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात, आणि ठाण्यात जाईल त्या वकिलाचा नंबर फोनमध्ये न ठेवता हातावर पेनाने लिहून. फोन पहिल्यांदा काढून घेतात.