चर्चा: पहिल्यांदा पकडलेल्या मुलाला कोर्टात उभं करावं की संस्थेकडे सोपवावं?

ओंजळ

गेली सहा वर्षं मी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एका स्वयंसेवी संस्थेत काम करते आहे. पोलिसांच्या हाती पहिल्यांदाच सापडलेली, बारा ते सतरा वयाची मुलं आमच्याकडे येतात. चोरी, तोडफोड, मारामारी. त्यांच्यावर खटला उभा राहत नाही. मूल, पालक आणि पोलीस यांच्या संमतीने प्रकरण संस्थेकडे येतं. मुलाने नुकसान भरून द्यायचं, काही महिने आमच्या संपर्कात राहायचं, आणि हे नीट पार पडलं तर विषय तिथेच संपतो. याला डायव्हर्जन म्हणतात. आम्ही आपसात नुसतं 'वळवणं' म्हणतो.

माझं मत स्पष्ट आहे. गंभीर हिंसेचे गुन्हे सोडले तर पहिला रस्ता हाच असायला हवा, आणि तो चालवायला मुलाच्या घराजवळची संस्थाच हवी.

मागच्या वर्षी पंधरा वर्षांच्या एका मुलाने एका वर्कशॉपच्या सहा काचा फोडल्या. बैठकीला येताना मालक काचेचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले आणि काही न बोलता त्यांनी ते टेबलावर उलगडले. मुलगा किती तरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत बसला. आई मधेच उठायची, पुन्हा बसायची. शेवटी त्याने विचारलं, "झाडताना कुणाला लागलं का?" मालक म्हणाले, "लागलं. माझ्याकडे शिकायला येतो त्या पोराला. तुझ्याच वयाचा आहे."

आठ शनिवार त्या मुलाने चौकटी खरवडून पुट्टी लावायची, असं ठरलं. दोन शनिवार तो गेला. तिसऱ्या शनिवारी आलाच नाही. मी त्याच्या घरी गेले तर जिन्यात बसलेला. कपडे करून, बूट घालून तयार. वर्कशॉपमध्ये त्या दुसऱ्या मुलासमोर जायची लाज वाटत होती. अर्धा तास मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले, मग आम्ही दोघं चालत गेलो.

तिसऱ्या शनिवारी जिन्यात येऊन बसणारं माणूस कोर्टाकडे नसतं. न्यायाधीश वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्यासमोर मूल येतं ते काही महिन्यांनी, आणि तेही काही मिनिटांसाठी.

सरळरेघ

तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मला हे पटत नाही.

पोरं आपापसांत बोलतात. 'पहिल्यांदा काही होत नाही' हे एकाला कळलं की सगळ्या गल्लीला कळतं. आणि संस्थेला जाब कोण विचारणार? कोर्टाचा निकाल लेखी असतो, त्याखाली सही असते, वरच्या कोर्टात अपील करता येतं. तुमच्या बैठकीत आठच शनिवार का ठरले, बारा का नाही? दुसऱ्या मुलाला तशाच काचांसाठी चार शनिवार मिळाले, तर तो अन्याय कुणाकडे न्यायचा? शिवाय संस्था देणग्यांवर चालतात. आमची इतकी मुलं सुधारली, हे त्यांना दाखवावंच लागतं. ज्याचं पोट यशाच्या आकड्यावर आहे त्यानेच तो आकडा मोजायचा, हे बरोबर नाही.

मुलाला लवकर आणि ठाम शिक्षा झाली तर ती त्याच्याच भल्याची असते. हे मी मनापासून म्हणतो आहे.

आकडेमोड

सरळरेघ, तुमचं शेवटचं वाक्य तपासून पाहिलं गेलं आहे. २०१० साली कॅम्पबेल कोलॅबोरेशनने, म्हणजे सामाजिक उपायांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात २९ प्रयोग आणि ७,३०४ मुलं होती. यातल्या अनेक प्रयोगांत कुणाला औपचारिक प्रक्रियेत न्यायचं आणि कुणाला बाहेर वळवायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं, त्यामुळे 'चांगली पोरं आधीच वेगळी काढली' असा आक्षेप उरत नाही. प्रक्रियेतून गेल्यामुळे पुढचे गुन्हे कमी झाल्याचं आढळलं नाही. एकंदरीत ते वाढण्याकडेच कल दिसला. आणि जिथे वळवलेल्या मुलांना नुसतं सोडून न देता काही मदत किंवा कार्यक्रम दिला होता, तिथे हा फरक जास्त ठळक होता.

पण ओंजळ, हेतू चांगला आहे म्हणून परिणाम चांगलाच होतो, असंही नाही. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकरवी दरडावण्याचा कार्यक्रम सुरू झाला. भीती वाटली की पोरं सुधारतील, ही कल्पना. तो खूप गाजला, त्याच्या नकलाही निघाल्या. अशा कार्यक्रमांच्या नऊ प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की त्यात गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. तो राबवणारी माणसंही तळमळीचीच होती. तेव्हा मोजमाप बाहेरच्यांनी करावं, या मुद्द्यावर मी सरळरेघ यांच्याबरोबर आहे.

काळाकोट

मी वकिली करतो. माझी हरकत निराळी आहे आणि ती दोन्ही बाजूंना लागू पडते.

वळवण्याच्या दारातून आत जायचं तर मुलाला आधी 'हो, मीच केलं' म्हणावं लागतं. आता विचार करा, चौदा वर्षांचा मुलगा ठाण्यात बसलाय, बाप रागाने लाल झालाय, आणि समोरचा माणूस मायेने सांगतोय की कबूल कर, घरी जाशील. न केलेला गुन्हासुद्धा तो कबूल करेल. कोर्टात निदान पुरावा तरी मागितला जातो.

१९६४ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप आला. बालन्यायालय मुलांच्या हितासाठी आहे, वडिलांसारखं आहे, म्हणून तिथे वकील नाही, तक्रारदार बाईची हजेरी नाही, जबाबाची नोंद नाही. त्याला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला. त्याच गुन्ह्याला प्रौढ माणसाला जास्तीत जास्त दोन महिने कैद किंवा पन्नास डॉलरपर्यंत दंड होता. अखेर १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांनाही वकील, आरोपांची नोटीस आणि गप्प राहण्याचा हक्क आहे.

माया हक्कांची जागा घेऊ शकत नाही. तुमची संस्था कितीही प्रेमळ असो, आत जाण्याआधी मुलाला वकील भेटला का, एवढंच मी विचारेन.

ओंजळ

काळाकोट, हे मला लागलं, कारण आमच्याकडे हे घडलेलं आहे. एका मुलाने कबूल केलेली चोरी त्याच्या मोठ्या भावाची होती. आम्हाला ते तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही एकदा तो रडायला लागला म्हणून. तोवर त्याने अर्धी भरपाई फेडली होती. मी त्याच्याबरोबर कितीदा बसले असेन, तरी माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून पहिल्या बैठकीआधी मूल वकिलाला एकटं भेटतं, पालकांशिवाय. मूल 'मी नाही केलं' म्हणालं तर आम्ही प्रकरण घेतच नाही.

काळाकोट

हे चांगलं केलंत. पण संस्था भली म्हणून नव्हे, कायद्याने बांधली म्हणून हे व्हायला हवं. मुलांच्या गुन्ह्यांबद्दलच्या, कॅनडात २००३ पासून लागू असलेल्या कायद्यात दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. संमती देण्याआधी मुलाला वकिलाचा सल्ला घ्यायची संधी मिळाली पाहिजे, आणि या मार्गाने जाण्यासाठी त्याने जे कबूल केलं ते पुढे कुठल्याही खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. दुसरी गोष्ट नसेल तर तुमची बैठक म्हणजे फिर्यादी पक्षासाठी आयता जबाब.

उंबरठा

मी शिक्षक आहे, ओंजळताईंच्या बाजूने लिहितो.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एलमायरा नावाचं गाव आहे. १९७४ मध्ये तिथे दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. प्रोबेशन अधिकाऱ्याने (गुन्हेगारांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या) आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेतल्या त्याच्या सहकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना प्रत्येक घरी पाठवू या. ते दोघं दार वाजवत गेले, आम्हीच ते, असं म्हणाले आणि काही महिन्यांत भरपाई फेडली. आज जगभर चालणाऱ्या अशा भेटींची सुरुवात तिथून मानतात. ज्याचं दार आपण फोडलं त्याच दारावर टकटक करायची, याहून कडक शिक्षा मला सुचत नाही.

सरळरेघ

उंबरठा, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या दोघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला होता, शिक्षा सुनावायची बाकी होती, आणि न्यायाधीशाच्या परवानगीने ते दारोदार गेले. मागे कोर्ट उभं होतं म्हणून पाय उचलले गेले. कोर्ट आणि संस्था एकत्र, हे मला मान्य आहे. ओंजळ म्हणतात ते कोर्टाऐवजी संस्था.

ओंजळ

हा फरक तुम्ही नेमका दाखवलात. पण 'ऐवजी'चीही उदाहरणं आहेत. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठक आणली. मूल, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि नुकसान सोसलेली व्यक्ती एकत्र बसतात, आणि मधला काही वेळ बाकीचे बाहेर जातात, कुटुंब एकटंच ठरवतं. मूल अटकेत नसेल तर बहुतेक प्रकरणांत आरोप ठेवण्याआधीच ही बैठक घ्यावी लागते. स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून तीन सामान्य नागरिक मुलांची सुनावणी घेतात. ते पगारी न्यायाधीश नसतात. बाल न्यायाबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांतला अकरावा नियम वळवण्याबद्दलच आहे, आणि संस्थेकडे पाठवताना मुलाची किंवा पालकांची संमती हवी, असं त्यातच म्हटलंय. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही न्यायिक कार्यवाहीशिवायच्या मार्गाला प्रोत्साहन देणं हे तत्त्व म्हणून स्वीकारलं आहे. आम्ही आपल्या मनाने काही काढलेलं नाही.

आकडेमोड

स्कॉटलंडचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९९८ मध्ये माध्यमिक शाळेत गेलेल्या सुमारे ४,३०० मुलांचा एडिंबरामध्ये वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. ज्या मुलांचा सुनावणीच्या यंत्रणेशी खोलवर संबंध आला त्यांचं गुन्ह्यांपासून दूर होणं तितक्याच खोड्या करणाऱ्या बाकी मुलांपेक्षा कठीण गेलं. यंत्रणा मायाळू होती, तरीही. शिवाय पोलिसांच्या नजरेत एकदा आलेली तीच ती मुलं पुन्हा पुन्हा यंत्रणेत येत होती.

समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७९ मध्येच याचा धोका सांगितला होता. जाळं रुंद होत जातं. पूर्वी पोलीस दोन शब्द सुनावून ज्याला घरी पाठवत, तो आता 'संस्था आहेच' म्हणून सहा महिन्यांच्या कार्यक्रमात अडकतो. ओंजळ, तुमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी खरोखर कोर्टात गेली असती अशी किती, हे तुम्ही कधी मोजलंय?

ओंजळ

नाही मोजलं. पण एकदा भिंतीवर नाव लिहिलं म्हणून एक बारा वर्षांची मुलगी आमच्याकडे पाठवली होती. बादली आणि ब्रश देऊन अर्ध्या तासात संपायची गोष्ट. तिची आमच्या रजिस्टरात नोंद झाली. आज वाटतं, तिला आम्ही परत पाठवायला हवं होतं.

उंबरठा

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. 'पालकांची संमती' हे दोनदा आलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला ठाण्यातून न्यायला कुणीच आलं नाही. आई रात्रपाळीला, वडील कुठे आहेत ते माहीत नाही. त्याच्याबरोबर पकडलेल्या दुसऱ्या मुलाचे काका आले, बोलले, मुलगा संस्थेकडे गेला. हा आत राहिला. तीच चोरी, एकच सायकल. नियमात संमती मुलाची 'किंवा' पालकांची असं आहे ना? मग ज्याचं कुणी येत नाही त्याच्यासाठी संस्थेने स्वतः ठाण्यात जायला हवं. खरं तर आधी त्याच्यासाठी.

शिशिर

सगळं वाचलं. तुम्ही सगळे मुलाबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. मी दुसऱ्या बाजूची आहे.

माझा फोन हिसकावला तेव्हा मी पडले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वेणी मुलीकडून घालून घ्यायचे. एका संस्थेतून फोन आला, उद्या बैठक आहे, येता का. उद्या! मुलाचं वय कोवळं आहे, तुम्ही माफ केलंत तर त्याचं आयुष्य सुधारेल, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या. मी गेले. खोलीत मुलाकडची चार माणसं होती आणि मी एकटी. त्याने कागदावरची माफी वाचून दाखवली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'ठीक आहे' म्हणाले, कारण दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ज्या जखमेचं मला काही ठरवता आलं नाही, तिचा त्या मुलाला उपयोग झाला.

सरळरेघ

हेच मी म्हणत होतो. कोर्टात तुम्हाला निदान माफ करायला कुणी सांगितलं नसतं.

शिशिर

पण कोर्टात मला कुणी काही विचारलंही नसतं. मी फक्त साक्षीदार झाले असते. तेही मला नको होतं.

ओंजळ

शिशिरताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते चूकच होतं. बैठकीआधी नुकसान सोसलेल्या व्यक्तीला एकटं भेटायचं, तिला हवं तितक्या वेळा, सोबत आपलं माणूस आणायला सांगायचं, आणि ती नको म्हणाली तर तिच्याविनाच पुढे जायचं, असा आमचा नियम आहे. पण खरं सांगते, सोमवारी प्रकरण आलं आणि शुक्रवारी पोलिसांना कळवायचं असलं की हा नियम पाळताना आमचीही घाई होते. माफीचा शब्द मीसुद्धा एकदोघांच्या पुढे केलेला आहे. तुमचं वाचून ते आठवलं.

तुम्हाला विचारलं असतं तर काय हवं होतं?

शिशिर

माफी नको होती. मला त्याला एकच विचारायचं होतं, मी पडले तेव्हा तू मागे वळून बघितलंस का. अजून विचारायचं आहे. पण दिवस मी ठरवेन, आणि मुलगी माझ्या शेजारी बसेल.

ओंजळ

त्या संस्थेला तसं लिहून कळवा. प्रकरण मिटलं असलं तरी कळवा. ते 'आता काही करता येत नाही' म्हणाले तर मला इथे सांगा, मी तुमच्याबरोबर येते.