गरज पडल्यावर रक्त देऊ की शिबिरात?

फोंडेकर: वाड्यावर पावसाळ्यात शिबिर घ्यायचं चाललंय. काही जण म्हणतात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळातून फोन आला की जाऊ, आताच कशाला?

रक्तपेढीवाला: फोन येतो तेव्हा उशीर झालेला असतो. एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही. अपघातातल्या रुग्णाला लागतं ते आधीच फ्रीजमध्ये असलेलं रक्त. शिवाय नातेवाइकांच्या दबावाखाली आलेला माणूस आजार लपवू शकतो. पावसाळा निवडलात ते बरं. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, तेही २२ अंशांच्या आसपास सतत हलवत ठेवून. लाल पेशी महिनाभर टिकतात.

फोंडेकर: परत कोणाला पाठवतात?

सांतइनेजकर: हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या खाली असेल त्याला. वजन किमान ४५ किलो, वय १८ ते ६५. पुरुषांना ९० दिवसांचं अंतर, बायकांना १२०. टॅटू काढलेल्यांनी वर्षभर थांबावं. उपाशी तर कोणी येऊच नये. चक्कर येऊ शकते.

रक्तपेढीवाला: एक राहिलं. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली गोठणरोधक, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, आधीच असतं. शीर नीट लागली नाही आणि पिशवी अर्धीच भरली, तर प्रमाण बिघडतं, ती टाकावी लागते. दात्याला भरपूर पाणी पाजा, शीर फुगते.