तुमची लाडकी सिव्ह कोणती? तिच्या खोडीसकट सांगा

एज ऑफ एम्पायर्स २ हा गेम १९९९ मध्ये आला तेव्हा त्यात १३ सिव्हिलायझेशन (सिव्ह), म्हणजे खेळायला निवडायच्या संस्कृती, होत्या. पुढच्याच वर्षी ‘द कॉन्करर्स’ या विस्ताराने ५ वाढवल्या, आणि आता यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबली आहे. तरी आपण सगळे फिरून फिरून त्याच एकदोघींवर बोट ठेवतो. का? ‘ती स्ट्राँग आहे’ हे उत्तर इथे चालणार नाही, कारण स्ट्राँग कोण ते दर पॅचला बदलतं. तिच्यात काय नाही, आणि ते नसूनही तुम्ही तिलाच का धरून बसलात, ते लिहा. ‘सिव्हिलायझेशन’ नावाची दुसरी गेम-मालिका खेळणाऱ्यांनीही यावं, मज्जाव नाही.

सुरुवात मी करतो. माझे बायझंटाईन. भालाईत, स्कर्मिशर (धनुर्धाऱ्यांना भारी पडणारे भालाफेके) आणि उंटस्वार हे तिन्ही त्यांना २५ टक्के स्वस्त पडतात. समोरच्याने घोडे काढले की मी भाले आणि उंट काढतो, त्याने धनुर्धारी काढले की स्कर्मिशर. आपण होऊन कुणाच्या वाटेला जायचं नाही, पण आलेल्याला रिकाम्या हाताने परतही पाठवायचं नाही. माझ्या स्वभावाला हे मानवतं. खोड अशी की ब्लडलाइन्स नाही आणि ब्लास्ट फर्नेसही नाही. म्हणजे घोडेस्वार अंगाने किरकोळ आणि तलवारीला शेवटची धार कधी येतच नाही. त्यांचे खास स्वार कॅटाफ्रॅक्ट दिसायला देखणे, पण त्यांचं एलिट अपग्रेड परवडेपर्यंत बहुतेक मॅचचा निकाल लागलेला असतो. खरे बायझंटाईन तरी काय वेगळं करत होते? थिओडोसियसच्या तटबंदीआड बसून शतकानुशतकं आलेल्याला तोंड देत राहिले.

*

चिनी. नेहमीच.

बाकीच्या बहुतेक सिव्हना सुरुवातीला ३ व्हिलेजर (कामकरी) आणि २०० अन्न मिळतं. चिन्यांना ६ व्हिलेजर मिळतात, पण अन्न शून्य आणि लाकूडही ५० ने कमी. इतर लोक टाउन सेंटर या मुख्य इमारतीत व्हिलेजरांची रांग लावून निवांत स्काउट फिरवत असतात, तेव्हा माझं टाउन सेंटर रिकामं बसलेलं असतं आणि माझी धांदल चाललेली असते. मेंढी टाउन सेंटरच्या अगदी बुडाशी ओढायची, म्हणजे मांस आत नेऊन टाकायला चालावंच लागत नाही. सगळ्यांना एकाच मेंढीवर सोडायचं आणि डोळे वरच्या आकड्यावर ठेवायचे. ४७, ४८, ४९... ५० झाले की लगेच पुढचा व्हिलेजर. इथे हात अडखळला की तीन व्हिलेजर जास्त असल्याचा फायदा जागच्या जागी जिरतो. घराची घाई तेवढी नसते, कारण चिनी टाउन सेंटरमध्ये माणसं जास्त मावतात.

पुढचा सगळा खेळ मला जरा सपकच वाटतो, खरं सांगायचं तर. त्या पहिल्या मिनिटासाठीच मी चिनी घेते.

उणीव विचारलीत म्हणून सांगते. बंदुकीची दारू ज्यांनी शोधली, त्यांना मूळ गेममध्ये हँड कॅननियरही नव्हता आणि बॉम्बार्ड कॅननही नव्हती! तोफेचा बुरूज तेवढा दिला होता.

*

गॉथ. दगडी भिंत बांधता येत नाही त्यांना, आणि मला ती बांधायचीही नसते. पर्फ्युजन हे संशोधन झालं की बराकी दुप्पट वेगाने माणसं काढतात. दहा हस्कार्ल (त्यांचं खास पायदळ) मेले तर वीस येतात. बाणांचं त्यांना फारसं काही वाटत नाही. अलारिकने ४१० मध्ये रोम लुटलं ते काय भिंती बांधून?

*

गॉथवाले दादा, इम्पीरियल या शेवटच्या युगापर्यंत जिवंत राहिलात तर ना!

मी हूण घेतो आणि त्यामागे काही थोर कारण नाही. मला घरं बांधायला आवडत नाही. ऐन लढाईत घोडे काढायला जावं आणि ‘आणखी घरं बांधा’ असा निरोप यावा, यासारखा रसभंग नाही. हुणांना घर लागतच नाही. बदल्यात सुरुवातीला १०० लाकूड कमी मिळतं, ते मी आनंदाने सोडतो. भटक्या लोकांना घरं लावली नाहीत, हे गेम बनवणाऱ्यांना बरोबर सुचलं. पण मग मंगोलांना का लावली? ते काय वाडे बांधून राहत होते? एज ऑफ एम्पायर्स ४ मध्ये मंगोलांनाही घरांतून सुटका मिळाली, शिवाय इमारती गाड्यांवर लादून दुसरीकडे नेता येतात. तिथे मी अर्थातच मंगोल.

*

इथे कुणीच अॅझ्टेक लिहिले नाहीत याचं आश्चर्य वाटलं.

अॅझ्टेकांकडे तबेलाच नाही. नाइट (जड घोडेस्वार) नाही, उंट नाही, सुरुवातीचा स्काउटसुद्धा पायी धावणारा ईगल. हे मुद्दाम घातलेलं लंगडेपण नव्हे. अमेरिका खंडातले घोडे हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते, आणि मेक्सिकोत ते पुन्हा दिसले १५१९ मध्ये कोर्तेसच्या स्वारीबरोबर. त्यामुळे मोंतेझुमाची मोहीम खेळताना स्पॅनिश घोडेस्वार पहिल्यांदा समोर येतात तेव्हा ते ‘विचित्र’ का वाटले असतील, ते जरा कळतं.

पण आमच्याकडे मंक आहेत, शत्रूचे सैनिक आपल्या बाजूला वळवणारे. मॉनेस्ट्रीतलं प्रत्येक संशोधन झालं की अॅझ्टेक मंकचा जीव वाढतो, आणि सगळी संशोधनं झालेला मंक चिवट म्हणजे किती चिवट. ज्यांच्याशी खेळते त्यात एकाला पर्शियन हत्तींचं वेड. आधी बराच वेळ नुसताच जमिनीचा थरकाप ऐकू येतो, मग झाडांमागून ते धूड हळूहळू निघतं. चार मंक मागे उभे करायचे, पुढे भालाईतांची एक ओळ, आणि प्रत्येक मंकला वेगळा हत्ती नेमून द्यायचा. सगळे एकाच हत्तीमागे लागले की बाकीचे हत्ती मंकांना तुडवतात. मंकांचं ‘वोलोलो’ सुरू होतं, हत्ती पुढे येतोय, येतोय, आणि भालाईतांपर्यंत पोचता पोचता त्याचा रंग बदलतो. मग तोच वळून शेजारच्या हत्तीला भिडतो. घोड्याची हौस अशी दुसऱ्याच्या हत्तीवर फिटते.

*

मी २०१३ पासून इंडियन्स घेत होतो. एका नावाखाली अख्खा उपखंड कोंबलेला, तरी आपलं कुणीतरी आहे म्हणून घ्यायचो. २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं आणि त्या एकाचे हिंदुस्थानी झाले, शिवाय बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे तिघे नवे आले. माझं मन गुर्जरांवर बसलं. मेंढ्या कापायच्याऐवजी गिरणीत ठेवल्या की अन्न आपोआप येत राहतं. श्रीवंश स्वार तर बाण चुकवतो. ढाल भरलेली असेपर्यंत धनुर्धाऱ्यांनी कितीही नेम धरावा. चौघांपैकी कुणालाच नाइट नाहीत, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

द्रविडांची राजेंद्र चोळाची मोहीम मात्र कुणी चुकवू नका. श्रीविजयावरची १०२५ ची आरमारी स्वारी आपल्या हाताने करायला मिळते.

(मराठे कधी, हे आता कुणीतरी विचारणारच. गेमचा काळ सोळाव्या शतकाशी संपतो हो.)

*

मी सिव्हिलायझेशनवाली. पाचव्या भागात २०१३ च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्डने व्हेनिस आणलं आणि मी तिथेच अडकले. ज्या गेममध्ये शहरं वसवत सुटायचं, त्यात व्हेनिसला सेटलरच मिळत नाही. जन्मभर एक शहर. हातात दुप्पट व्यापारी मार्ग आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, ज्याला पाठवून शेजारचं छोटं नगरराज्य चक्क विकत घेता येतं. विकत घेतलं तरी त्याचा कारभार पूर्ण आपल्या हातात येत नाही, तिथे काय बांधायचं ते तेच ठरवणार. आपण पैसे टाकून हवं ते घ्यायचं. मला जग जिंकण्यापेक्षा जमाखर्च बघायला जास्त आवडतो, एवढंच. आणि राज्यकर्ता एन्रिको दांदोलो. १२०४ मध्ये चौथ्या क्रुसेडला कॉन्स्टँटिनोपलवर घेऊन गेलेला तोच म्हातारा. धागा काढणाऱ्या बायझंटाईन साहेबांनी मनावर घेऊ नये.

*

रँडम. जे येईल ते. लाडकं कुणी नसलं की उणीवही सलत नाही.

*

रँडमवाल्यांना प्रेम कळलेलं नाही, असं नोंदवून माझे तुर्क सांगतो.

तुर्कांचं सगळं सोन्यावर चालतं. खाणकामगार २० टक्के जलद, बंदुकांसाठी लागणारं केमिस्ट्रीचं संशोधन फुकट, तोफा-बंदुकावाल्यांचा जीव २५ टक्के जास्त. आमचे खास बंदूकवाले जॅनिसरी लांबून गोळी घालतात, फक्त नेम बेताचा. पण नकाशावरचं सोनं संपलं की आमचे हाल कुत्रा खात नाही. पाइकमन (सुधारलेला भालाईत) नाही, एलिट स्कर्मिशर नाही. बिनसोन्याच्या लढाईत फुकट अपग्रेड झालेले हुसार (हलके घोडेस्वार) तेवढे उरतात, आणि ते बायझंटाईनांच्या स्वस्त भाल्यांवर जाऊन पडतात.

म्हणजे तुर्क खेळताना डोक्यात सतत घड्याळ चालू असतं. उरलेलं सोनं किती, सोनं देणारे रेलिक कुणाकडे, मित्राच्या मार्केटपर्यंत व्यापाराची वाट सुरक्षित आहे का. मला ती टांगती तलवार आवडते. आरामात खेळायचं असतं तर पत्ते खेळलो असतो. आणि तटबंदीच्या गप्पा वर झाल्याच आहेत तर सांगतो, १४५३ मध्ये दुसऱ्या मेहमतने त्याच तटासमोर तोफा लावल्या होत्या. गेममध्येही बायझंटाईनांविरुद्ध तेच करावं. इम्पीरियलला पोचल्याबरोबर बॉम्बार्ड कॅनन, त्यांच्यापुढे जॅनिसरी, आणि हुसार बाजूला राखून ठेवायचे, त्याचे उंट तोफांवर धावून आले तरी सोडायचे नाहीत. उंटांना जॅनिसरी बघून घेतील. हुसार लागतात ते त्याने मंक बाहेर काढले की.