काजळीची बचत कार्बनच्या खात्यात धरावी का?

अभ्रक (धागाकर्ता)
हवामानाच्या धोरणांत कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचा टनावारी हिशेब होतो. काजळीचा, म्हणजे ब्लॅक कार्बनचा, क्वचितच होतो. त्यामुळे जुन्या डिझेल बसला फिल्टर बसवणाऱ्याला कार्बन बाजारातून, म्हणजे उत्सर्जनातली बचत जिथे विकली-घेतली जाते तिथून, दमडी मिळत नाही. उलट फिल्टरमुळे इंधन एखाद-दोन टक्के जास्त जळतं, म्हणून कागदावर तोच दोषी! लाकूड 'कार्बन-तटस्थ' धरलं जातं, मग शेगडीतून काळा धूर निघाला तरी वही स्वच्छच. माझं म्हणणं साधं आहे: एक टन काजळी म्हणजे किती टन CO₂ ते ठरवून तिला CO₂-समतुल्य भाव द्या आणि तिची बचत विकू द्या. काजळी हवेत फार तर आठवडा-दोन आठवडे टिकते, म्हणजे आज थांबवली की परिणाम लगेच. बर्फावर पडून तो काळवंडवण्याचं कामही थांबतं.

निरांजन
ठाम असहमत. आठवडाभर टिकते हा तुमचा मुद्दाच तुमच्या विरोधात जातो. CO₂ साठत जातो, शतकानुशतके राहतो. तुम्ही काजळीची बचत विकलीत आणि घेणाऱ्याने तिच्या बदल्यात कोळसा जाळला, तर दहा वर्षांनी काजळीचा फायदा संपलेला असेल आणि त्याचा CO₂ मात्र वर तसाच.

शिवाय भाव कोणता लावणार? २०१३ च्या मोठ्या शास्त्रीय आढाव्यात काजळीचा शंभर वर्षांचा तापमानवाढ-गुणांक (तेवढ्याच वजनाच्या CO₂ च्या किती पट तापवते तो आकडा) सुमारे ९०० दिला होता, पण अनिश्चिततेचा पल्ला १२० ते १८००. पंधरापट फरक असलेल्या मापावर बाजार चालवायचा?

सप्तरंग
निरांजन यांना +१, आणि एक भर. काजळी एकटी बाहेर पडत नाही. पालापाचोळा, शेतातला कडबा उघड्यावर जळतो तेव्हा सोबत सेंद्रिय कर्बाचे कणही भरपूर निघतात. ते प्रकाश परावर्तित करतात, म्हणजे थंडावा देतात. गंधकयुक्त कोळशाच्या धुरातल्या सल्फेटचंही तेच. फुप्फुसांसाठी हे सगळं वाईटच, थांबवायलाच हवं, पण तापमानाच्या खात्यात निव्वळ शिल्लक कधी कधी शून्याच्या आसपास येते. तिथे 'काजळी वाचवली' म्हणून पैसे देणं म्हणजे अर्धाच हिशेब.

डिझेल इंजिन आणि रॉकेलचा साधा वातीचा दिवा मात्र खरे गुन्हेगार. अशा दिव्यात रॉकेलच्या वजनाच्या ७ ते ९ टक्के भागाची काजळी होते, आणि परावर्तन करणारं सोबत जवळजवळ काहीच नसतं. धोरण करायचंच तर उगम निवडून करा.

अभ्रक
उगम निवडायला ना नाही. पण पैसा कुठून येणार? नियम काढले म्हणजे फिल्टर बसतात असं नाही.

वंगण
पैसा आला तरी फिल्टर टिकतो का, ते आधी बघा. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर म्हणजे जाळीदार सिरॅमिकचा ठोकळा. त्याच्या नळ्या आलटून पालटून एकेका टोकाला बंद असतात, त्यामुळे धूर भिंतीतून गाळून जातो. ९५ टक्क्यांहून जास्त काजळी अडते. पण अडलेली काजळी जाळावी लागते. नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती साधारण २५०–३५० अंशांना जळते, नाहीतर इंधन फवारून ६०० अंशांपर्यंत तापवावं लागतं. थांबत-थांबत चालणाऱ्या बसचा, कचरागाडीचा एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही. फिल्टर तुंबतो, मागचा दाब वाढतो, गाडी ओढेनाशी होते. मग कुणीतरी डबा उघडून आतला ठोकळा काढून टाकतो आणि परत वेल्डिंग मारतो. बाहेरून काही कळत नाही.

दुसरं म्हणजे गंधक. डिझेलमध्ये ते ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०) खाली, खरं तर १०–१५ च हवं, नाहीतर काजळी जाळायला मदत करणारा उत्प्रेरक सल्फेट बनवत बसतो. तिसरी इंजिन ऑइलची राख: ती जळत नाही, फिल्टर काढून साफच करावा लागतो. कमी राखेचं ऑइल नसेल तर लवकर. काजळीचा जाड थर साठल्यावर एकदम पेट घेतला तर ठोकळ्याला तडाच जातो. तुमची 'विकलेली बचत' त्या तड्यातून निघून गेलेली असते!

निरांजन
आणि नेहमीच्या धूर तपासणीत ते सापडत नाही. ती प्रकाश किती अडतो ते मोजते. नव्या इंजिनाचा धूर मुळातच इतका विरळ असतो की फुटलेला फिल्टरही पास होतो. म्हणून जर्मनीने जुलै २०२३ पासून युरो ६ (युरोपचं उत्सर्जन मानक) डिझेल गाड्यांसाठी कण मोजणी आणली: गाडी उभी आणि इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतं चालू, असताना घनसेंटीमीटरला २,५०,००० कण ही मर्यादा. फिल्टर काढलेली गाडी तिथे लगेच पकडली जाते. हे काम तपासणीचं आहे, बाजाराचं नाही.

वेगळं खातं ठेवता येतं, हेही सिद्ध झालंय. २०१२ मध्ये सुधारलेल्या गोथेनबर्ग प्रोटोकॉलने (हवेच्या प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार) काजळीला सूक्ष्म कणांचा भाग मानलं. मेक्सिकोने पॅरिस हवामान कराराआधीच्या आपल्या वचनात २०३० पर्यंत काजळी ५१ टक्के कमी करण्याचं स्वतंत्र उद्दिष्ट दिलं.

अभ्रक
डिझेलपुरतं मान्य. जिथे नोंदणी आहे, तपासणी केंद्र आहे, तिथे नियमच बरा. पण वीटभट्टी? तिथे ना नंबरप्लेट ना आयडल. पैशाशिवाय तिथे काय पोचणार?

वंगण
भट्टीला काजळीचे पैसे लागतच नाहीत. विटा नागमोडी रचल्या की हवेचा रस्ता लांबतो, ती घुसळते, कोळसा नीट जळतो आणि साधारण पाचवा हिस्सा वाचतो. ती कोळशाची बचत म्हणजे सरळ CO₂, आजच्याच वहीत बसणारी, खरेदीच्या पावत्यांवरून तपासता येणारी. फक्त पैसे रचणीवर देऊ नका. रचणी बदलली आणि कोळसा पूर्वीसारखाच मोठमोठ्या फावड्यांनी, मध्ये बराच खंड ठेवून झोकला तर दर वेळी काळा लोट येतोच. बारीक केलेला कोळसा थोडा थोडा, जवळजवळ सतत टाकावा लागतो. म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक बदलतं, आणि अडतं ते तिथेच.

सप्तरंग
मग त्या झोकणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि वाढीव मजुरीचा खर्च त्याच पैशातून द्यायला हवा. भट्टीमालकाला मिळून तो खाली उतरेल याची खात्री कुणी देईल का?