सॉल्टन सीकाठचे पडके रिसॉर्ट आहेत तसेच राहू द्यावेत का?

वाळवंटी_वाट
काठावरच्या बॉम्बे बीच या गावाच्या नावामुळे असेल, पण कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सीचे फोटो हल्ली मराठी ग्रुपांवरही फिरतात. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: हे सुमारे ५५ किमी लांबीचं खारं तळं समुद्रसपाटीच्या ७० मीटरहून अधिक खाली आहे आणि चारही बाजूंनी वाळवंट आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत इथे बोटींच्या शर्यती, वॉटर स्कीइंग, मासेमारी जोरात होती. १९५८ मध्ये एम. पेन फिलिप्स या बिल्डरने पश्चिम काठावर सॉल्टन सिटीचे प्लॉट विकायला काढले. उत्तर किनाऱ्यावर अल्बर्ट फ्रे या नामवंत वास्तुविशारदाने यॉट क्लब उभारला. मग पाणी चढलं, खारावलं, मासे मेले, माणसं गेली.

आज तिथे गंजलेले ट्रेलर (चाकांवरची घरं), मिठाने चरबरीत झालेले खांब आणि कशालाही न टेकणाऱ्या धक्क्यांचे सांगाडे उरलेत. समोर आरशासारखं पाणी. माझं मत सरळ आहे: हे पाडू नका, रंगवू नका, 'विकास' करू नका. विसाव्या शतकातल्या हावरटपणाचं इतकं देखणं स्मारक दुसरीकडे नाही. यॉट क्लबची २०१० मध्ये डागडुजी करून समाजमंदिर केलं आणि त्यातली सगळी जादू गेली.

पीएम_दहा
असहमत, आणि पहिला आक्षेप 'माणसं गेली' याला. सॉल्टन सिटीत ५ हजारांच्या आसपास लोक राहतात. बॉम्बे बीचमध्ये २०२० च्या जनगणनेत २३१. ज्या यॉट क्लबची जादू गेली म्हणता, तिथे आता आसपासच्या शेतमजूर कुटुंबांना एक सावलीची जागा मिळाली आहे. फोटोत माणूस येऊ नये म्हणून कॅमेरा वळवला की गाव ओसाड होतं, एवढंच.

दुसरा आक्षेप मोठा आहे. त्या 'आरशा'ची कड दरवर्षी मागे सरकते आणि उघडा पडलेला तळ वाऱ्यावर उडतो. तळ्याच्या दक्षिणेकडच्या, शेतीच्या इम्पीरियल व्हॅलीतल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. धुळीचं कारण एकटं तळं नाही (शेतं, कच्चे रस्ते आणि वाळवंटही आहेच), पण रोज नवा उघडा पडणारा पट्टा तळ्याचाच.

टीएमसी
पाणी का आटतंय हे कळल्याशिवाय वाद पुढे जाणार नाही, म्हणून हिशेब मांडतो.

तळं अपघाताने झालं. कोलोरॅडो नदीतून इम्पीरियल व्हॅलीकडे जाणारा कालवा गाळाने भरला, म्हणून कालवा चालवणाऱ्या कंपनीने १९०४ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोत नदीचा काठ नवा फोडला आणि तिथे धड दरवाजे बसवले नाहीत. १९०५ च्या पुरांनी ते तोंड रुंद केलं आणि जवळजवळ अख्खी नदी आज तळं आहे त्या खळग्यात वळली. सदर्न पॅसिफिक रेल्वेने वाघिणी भरभरून दगड ओतले तेव्हा कुठे फेब्रुवारी १९०७ मध्ये भगदाड बुजलं.

त्यानंतर तळं आटून जायला हवं होतं. बाष्पीभवनाने वर्षाला साधारण १.८ मीटर पाणी उडतं आणि पाऊस नगण्य. ते टिकलं शेतातून निचरून येणाऱ्या पाण्यावर. या व्हॅलीला पाणी पुरवणाऱ्या इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्टचा कोलोरॅडोवरचा हक्क वर्षाला ३१ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं पाणी), म्हणजे सुमारे १३५ टीएमसी (अब्ज घनफूट). अख्खं कोयना धरण १०५ टीएमसीचं. एवढं पाणी एका खोऱ्यात पिकांवर ओतायचं आणि उरलेलं उतारावरून तळ्यात.

२००३ च्या करारानुसार यातलं २ लाख एकर-फूट (पावणेनऊ टीएमसीच्या आसपास) टप्प्याटप्प्याने सॅन डिएगोला विकायचं ठरलं. शेतकऱ्याने पाणी वाचवलं की तळ्यात येणारा निचरा कमी होणार, हे सगळ्यांना तेव्हाच माहीत होतं. म्हणून १५ वर्षं भरपाईचं पाणी सोडायचं होतं. ती मुदत २०१७ अखेर संपली. तेव्हापासून काठ झपाट्याने मागे जातोय.

थोडक्यात, धागाकर्त्यांना भावलेला देखावा निसर्गाचा नाही, हिशेबवहीतला आहे.

निचरा
टीएमसी यांच्याशी सहमत, एक पुरवणी. 'शेतकरी पाणी वाया घालवतात' असा सूर पुढे निघायच्या आत सांगतो: तिथे जादा पाणी द्यावंच लागतं. कोलोरॅडोच्या पाण्यात लिटरमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. पीक पाणी पितं, क्षार जमिनीत सोडतं. ते मुळांच्या खाली धुऊन काढले नाहीत तर काही वर्षांत जमीन क्षारपड. आपल्या शिरोळ-मिरज पट्ट्यातल्या उसाच्या जमिनींचं जे झालं तेच. उपायही तोच: जमिनीखाली ठरावीक अंतरावर सच्छिद्र पाईप, ते मुख्य चरात, चर ओढ्यात. फरक शेवटच्या टप्प्यात आहे. आपला निचरा कृष्णेतून समुद्राला जातो. तिथला बंद खळग्यात. आलेल्या क्षारांना बाहेर जायची वाट नाही, सोबत नायट्रेट, फॉस्फेट आणि सेलेनियमही तिथेच साठतं. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं. सॉल्टन सीत शतकाच्या सुरुवातीला ४५ च्या जवळ होतं, आता समुद्राच्या दुपटीकडे गेलंय.

मासेमारी का संपली तेही यातच आलं. १९५० च्या दशकात राज्याने आणून सोडलेला ऑरेंजमाउथ कॉर्व्हिना आधी गेला. चिलापी (तिलापिया) सर्वांत चिवट, पण लिटरमागे ६० ग्रॅमच्या पुढे तिचीही पैदास धड होत नाही.

फोटोवेडा
चर्चा जड झाली, थोडं वाळवंटी_वाट यांच्या बाजूने. सौंदर्य आहे आणि ते बघायला जाणं हा गुन्हा नाही. जाणाऱ्यांसाठी:

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात ४५ अंश सहज ओलांडतं. बॉम्बे बीच पूर्व काठावर, हायवे १११ वर, त्यामुळे सूर्यास्त पाण्यावर आणि मागे सांता रोझाचे डोंगर. वारा पडलेला असेल तर शेवटचा अर्धा तास उत्तम. लेन्स गाडीत काच बंद करूनच बदला. खारी धूळ सेन्सरला चिकटली की नुसत्या फुंकणीने निघत नाही. ट्रायपॉडचे पाय परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर स्क्रू गंजून बसतात. जाड तळव्याचे बूट हवेत, कारण पुळण वाळूची नाही. बार्नकलच्या (खडकांना, बोटींना चिकटून राहणाऱ्या बारक्या जलचरांच्या) कवचांची आणि माशांच्या हाडांची आहे. पेट्रोल आणि प्यायचं पाणी आधीच भरून घ्या. आणि गाडी उघड्या तळावर घालू नका: वरची खपली कोरडी दिसते, खाली चिखल असतो, चाक रुतलं की क्रेनच लागते.

गावातली कलाही बघा. २०१६ पासून 'बॉम्बे बीच बिएनाले' हा कलामहोत्सव भरतो; भंगार गाड्या ओळीने लावून केलेलं 'ड्राइव्ह-इन' त्यातलंच.

पीएम_दहा
फोटोवेडा यांनी सांगितलेला मोसमच अडचणीचा आहे, आणि हे पर्यटन लेखांत कुणी लिहीत नाही. उन्हाळ्यात तळावरची मिठाची खपली कडक असते, धूळ कमी उडते. हिवाळ्यात थंडी आणि दमट हवा मिळाली की त्यातलं सोडियम सल्फेट पाणी धरून फुगतं, मग सुकताना खपली भुसभुशीत होते. वसंतात पश्चिमेचे जोरदार वारे सुटले की ती उडते. म्हणजे पर्यटक येतात तेव्हाच खपली सर्वांत नाजूक. दुचाकी-चारचाकीची एक फेरी, आणि त्या पट्ट्यातून पुढच्या वाऱ्यात धूळ सुरू.

कवचांच्या पुळणीवर चाललात तर फार बिघडत नाही, ती जड आहे, उडत नाही. दक्षिणेकडे, जिथे नद्यांचा बारीक गाळ बसलाय, तिथे पाऊलवाट सोडू नका. 'देखणं' म्हणून ड्रोन घेऊन लोक नेमके तिथे जातात.

वाळवंटी_वाट
मुद्दा मान्य, गाड्या आत नेऊ नयेत. पण तुम्ही सगळे माझ्या मूळ प्रश्नाला बगल देताय. धूळ आवरा, जरूर. पडक्या वास्तूंनी कुणाचं काय बिघडवलंय? त्या राहिल्या म्हणून जगाचं लक्ष तिकडे गेलं. नुसता गाळ असता तर कोण गेलं असतं? आणि त्या चुकीचा पुरावा पुसून टाकायचा, हे मला पटत नाही.

चुनखडी
'आहे तसं राहू द्या' म्हणजे काय, हे बांधकामाच्या अंगाने बघू. वाळवंटात पाऊस कमी म्हणून लाकूड कुजत नाही हे खरं, पण मीठ त्याला आतून फोडतं. खारं पाणी तंतूंत शिरतं, सुकतं, स्फटिक वाढतात, तंतू सुटे होतात. खांब केसाळ दिसतात ते म्हणून. काँक्रीटमध्ये क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि वरचा थर ढपल्यांनी निघतो. लोखंडी पत्र्याच्या ट्रेलरचं सांगायलाच नको. तेव्हा हात न लावता ठेवणं म्हणजे जतन नव्हे, हळूहळू पाडणं. आणि जतन करायचं तर क्षार धुणं, सळयांना लेप, आधार, म्हणजे तुम्हाला नको असलेली डागडुजीच.

प्रत्यक्षात फोटोंतून गाजलेलं बरंचसं आधीच गेलंय. सॉल्टन सिटीचा यॉट क्लब जमीनदोस्त झाला. बॉम्बे बीचच्या बांधाबाहेरचे बहुतेक ट्रेलर उचलले. जे दिसतं त्यात बराच भाग कलाकारांनी मुद्दाम मांडलेला आहे. तो वाईट नाही, पण त्याला १९६० च्या दशकाचा अवशेष समजू नका.

बांधाबद्दल: तो आटण्यामुळे नाही, चढण्यामुळे घातला. सप्टेंबर १९७६ मध्ये कॅथलीन, ऑगस्ट १९७७ मध्ये डोरीन अशी दोन वादळं आली, शिवाय शेतीचा निचरा वाढत होता. काठाजवळच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या, मग मातीचा बांध घालून उरलेलं गाव वाचवलं. आज पाणी त्या बांधापासून इतकं लांब गेलंय की बांध कशासाठी घातला हे नवख्याला कळतच नाही.

जलचर
एक गैरसमज दूर करतो. मासे खारेपणाने मेले असं वर अर्धवट सूचित झालंय. एकदम लाखोंनी मरतात ते ऑक्सिजन संपल्याने. खतांमुळे शेवाळ माजतं, मरून तळाशी जातं, तिथे कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. जोराचा वारा आला की तळचं पाणी वर येतं. ऑगस्ट १९९९ मध्ये एका दिवसात सुमारे ७६ लाख चिलापी मेल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सडक्या अंड्यांचा तोच वास लॉस एंजेलिसपर्यंत पोचला. अशा वेळी पाणी दुधी हिरवं दिसतं: सल्फाइडचं सल्फेट होतं आणि जिप्समचे बारीक स्फटिक तरंगतात. इन्स्टाग्रामवरचा तो 'फिरोजी' रंग पाहून हुरळू नका.

पक्ष्यांचंही तसंच. १९९२ मध्ये दीड लाखाच्या आसपास टिबुकल्या, १९९६ मध्ये बोटुलिझमने (जिवाणूंच्या विषबाधेने) हजारो पेलिकन मेले.

उगाच_एक
लोणारसारखंच की हे. बंद खळगा, खारं पाणी, वास. मग लोणारला रामसर (महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय) दर्जा आणि याला शिव्या?

जलचर
बंद खळगा एवढंच साम्य. लोणार सोड्याचं आहे, सामू (पीएच) १० च्या जवळपास. तिथे मूळचे मासे नाहीत. सॉल्टन सी क्लोराइड-सल्फेटचं, सामू ८ च्या आसपास. शिवाय लोणारला लाखो एकर शेतीचा निचरा येत नाही.

समुद्रसेतू
मग कॅलिफोर्नियाच्या आखातातून कालवा काढून भरा ना. उतार आहे, पाणी फुकट.

टीएमसी
मीठ फुकट नाही. एक कोटी घनमीटर समुद्राचं पाणी आणलं की साडेतीन लाख टन मीठ आलं, पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. ते बाहेर काढायला परतीची वाहिनी आणि पंप हवेत, कारण तळं समुद्राच्या खाली आहे. शिवाय मध्ये दुसरा देश. २०२२ मध्ये राज्याने नेमलेल्या स्वतंत्र समितीने पाणी आयात करण्याचे प्रस्ताव नाकारले.

चालू आहे ते छोटं पण करण्याजोगं: २०२८ अखेरपर्यंत २९,८०० एकर उघडा तळ झाकायचा, त्यातला निम्मा पाणथळ अधिवास म्हणून. दक्षिणेला न्यू रिव्हरच्या मुखाशी नदीचं गोडसर आणि तळ्याचं खारं पाणी मिसळून उथळ तलाव केलेत, म्हणजे खारेपणा मासे-पक्ष्यांना झेपेल असा राहतो. इतरत्र वाऱ्याला आडवी खोल नांगरट आणि पेंढ्याचे गठ्ठे. नांगरट चिकणमातीत टिकते, रेताडात कडा लगेच ढासळतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये २५ कोटी डॉलरपर्यंत मदत जाहीर केली.

पीएम_दहा
आणि या सगळ्यात टोरेस मार्टिनेझ या तिथल्या मूळनिवासी जमातीचं नाव धाग्यात एकदाही आलं नाही. त्यांची हजारो एकर राखीव जमीन त्या १९०५ च्या पाण्याखाली गेली. आता तीच वर येतेय, मीठ आणि धूळ घेऊन. 'हावरटपणाचं स्मारक' म्हणताना ते कुणाच्या जागेवर उभं आहे तेही बघा.

वाळवंटी_वाट
ते मूळ लेखात यायला हवं होतं, खरंय. तरी मत बदलत नाही. २५ कोटी डॉलरमध्ये दोन-चार सांगाडे कुंपण घालून, माहितीफलक लावून ठेवणं बसतं. फलकावर कालव्याचा तो न बसवलेला दरवाजा, सॅन डिएगोचा करार आणि टोरेस मार्टिनेझ, तिन्ही लिहा.

चुनखडी
तो निधी तळ झाकायला आहे, फलकांना नाही. कुंपण घालायचंच तर माझ्या मते एकच जागा: उत्तर किनाऱ्यावरच्या यॉट क्लबजवळचा कोरडा धक्का. बाकी सगळं दहा वर्षांत पडेल, आणि फलक त्याआधी गंजेल. सिरॅमिकचा करा.