बेदाण्यासाठी कलर सॉर्टर घ्यावा का? ज्यांनी चालवलाय त्यांनी सांगा

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यात आमची बेदाणा शेड आहे. थोडी द्राक्षं घरची, बाकी आसपासच्या बागायतदारांची. जाती थॉमसन आणि माणिक चमन. चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा, तो धुवायचा, निवडायचा, 15 किलोच्या बॉक्समध्ये भरून सौद्याला, म्हणजे लिलावाला न्यायचा. अडचण निवडण्याची आहे. हिरवा, पिवळा, काळपट वेगळा करायला बायका लागतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या सगळ्यांनाच लागतात. पुतण्याचं म्हणणं, कलर सॉर्टर घेऊ, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग ओळखून नको ते दाणे हवेच्या झोतानं बाजूला उडवणारं मशीन.

मी बिचकतोय, कारण एकदा हात पोळलाय.

दोन वर्षांपूर्वी वळवानं गाठलं. शेड चारी बाजूंनी उघडी, हवेत दमटपणा, जाळीवरचा माल काळा पडायला लागला. त्याच घाईत एका प्रदर्शनात गरम हवेचा ड्रायर बुक केला. विकणारा म्हणाला, 70 डिग्रीला ठेवा, पंधरा दिवसांचं काम दोन दिवसांत. पहिला घाणा काढला तर दाणा वरून कडक, बोटात दाबला की आतून चिकट रस, आणि रंग चहासारखा! सौद्यात किलोला 40 रुपये कमी लागले. विकणाऱ्याला फोन लावला तर 'इंजिनिअर पाठवतो'. अजून यायचाय.

मग आईच म्हणाली, "अरे, हिरवा रंग सावलीत आणि वाऱ्यावर राहतो. भट्टीत कसा राहील? शेवटच्या दोन दिवसांना लाव की." तसं केलं. सुरुवातीचे दहा-बारा दिवस शेडमध्येच, आणि पाऊस दिसला तरच शेवटचा ओलावा ड्रायरमध्ये, 50 डिग्रीला, हळूहळू. आता बरं चाललंय. पण हे मशीन विकणाऱ्यानं सांगायला नको का? उरलेलं वर्षभर त्यावर बारदान ठेवतो आम्ही.

म्हणून विचारतोय. डेमोत कडधान्य छान निवडलं जातं, ते पाहिलंय. पण बेदाणा चिकट. दाणे ज्या उतारावरून कॅमेऱ्यापुढं सरकतात, त्या घसरणीवर अडकत नाही का? छोट्या शेडनं स्वतः घ्यावा, की चार जणांनी मिळून, की भाड्यानं निवडून आणावा? आणि आमच्याकडची वीज तुम्हाला माहीत आहेच.

प्रतिसाद 1 (मिरज)
दादा, घसरणीचा घेऊ नका, पट्ट्याचा बघा, त्यात सरकता पट्टा दाणे पुढं नेतो. चिकट माल घसरणीवर सारख्या वेगानं सरकत नाही, कॅमेऱ्यापुढून दाणे गुच्छानं जातात आणि हवेचा झोत चांगलेही उडवतो. ओलावा 15-16 टक्क्यांच्या वर असेल तर पट्टाही काही करू शकत नाही. म्हणून आधी ओलावा मोजायचं मीटर घ्या, त्याची किंमत सॉर्टरपुढं काहीच नाही. झोतासाठी कॉम्प्रेसरची हवा कोरडी लागते, ती हवा कोरडी करणारा वेगळा ड्रायर कोटेशनमध्ये आहे का बघा. काड्या मात्र हे मशीन काढेलच असं नाही, त्यासाठी वेगळी सोय लागते.

प्रतिसाद 2 (कवठेमहांकाळ)
पैशाचं सांगतो. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के, बाकी बँकेचं कर्ज. पण अनुदान हातात पडत नाही, बँकेतच अडकून राहतं आणि तीन वर्षांनी खातं चांगलं असेल तर कर्जात वळतं होतं. तेव्हा अनुदान धरून हप्त्याचं गणित मांडू नका. भाड्यानं एक सीझन करून बघा आधी.

धागा काढणारा
दोघांचेही आभार. पट्ट्याचं कुणी बोललंच नव्हतं, कोटेशन घसरणीचं आहे. सोमवारी सॉर्टरवाल्याकडे डेमोला 100 किलो माल घेऊन जातोय. धुतलेला नाही, शेडमधला, काड्यांसकट, दुपारच्या उन्हात चिकट झालेला. तो म्हणाला, 'एवढा कशाला, पाच किलो पुरे.' तिथंच मला शंका आली.

पुतण्या म्हणतोय, मी फारच संशयी झालोय. मिरजवाले, पट्ट्याच्या मशीनवर तासाला किती माल निघतो आणि पट्टा धुवायला किती वेळ जातो, तेवढं सांगा.