मदत हवी आहे: शाळेच्या मैदानाचा विषय ग्रामसभेत भांडण न होता कसा घ्यावा?

आमच्या जिल्हा परिषद शाळेला लागून दोन एकर गायरान आहे. तिथे 200 मीटरचा धावण्याचा ट्रॅक करावा, असा शाळा व्यवस्थापन समितीचा प्रस्ताव आहे. मी समितीत पालक सदस्य. विरोध गुरं राखणाऱ्यांचा आहे आणि तो खोटा नाही. उन्हाळ्यात चराईला तेवढंच उरतं.

मागच्या ग्रामसभेत दहा मिनिटांत विषय मैदानावरून भावकीवर गेला. "तुझ्या पोराच्या पोलीस भरतीसाठी आमची गुरं उपाशी मारायची का?" यावर माइकची ओढाओढ झाली. इतिवृत्तात फक्त "चर्चा झाली" एवढंच.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाहन केलं, उलट जास्तच पेटलं. दोन ज्येष्ठांना मध्ये घातलं, तर एकाला लोक आमच्याच बाजूचा समजतात. त्यातल्या त्यात उपयोग झाला तो फक्कीचा: जागेवर ट्रॅक आखून दाखवला, निम्मं गायरान मोकळं राहतं हे दिसलं, तेव्हा दोघं-तिघं तरी शांतपणे बोलले.

गायरानासाठी महसूल खात्याची परवानगी लागते, 2011 चा शासन निर्णयही वाचलाय. अडचण ती नाही. हात वर करून विषय रेटायचाही नाही, रोज त्याच लोकांसोबत दूध घालायला डेअरीवर उभं राहायचंय. आमच्या ग्रामसभेत सरपंचच अध्यक्ष असतात, पण या विषयात ते स्वतःच एका बाजूचे.

अशा वेळी बोलण्याचा क्रम आणि वेळ सांभाळायला बाहेरगावचं माणूस बसवता येतं का? तुमच्याकडे कुणी केलं असेल, तर कोणाला बोलावलंत आणि सरपंचांना कसं तयार केलंत?